दोघींनी मिळून बांधलेला लॅपटॉप

माझा आधीचा लॅपटॉप भर जुलैत बंद पडला. रत्नागिरीत जुलैत पुष्कळ गोष्टी बंद पडतात, त्यामुळे मी लगेच घाबरले नाही. फ्रीजच्या मागे उबेला ठेवून पाहिला, पंख्याखाली ठेवून पाहिला आणि शेवटी बाजारातल्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने तो उलटा केला, बोटाने कडा चाचपल्या आणि मान हलवली.

"मॅडम, ह्याच्यात सगळं एकाच बोर्डाला कायमचं डकवलेलं असतं. बोर्ड गेला की तुमचं आतलं सामानही गेलं."

"सामान म्हणजे?"

"फायली."

त्या फायलींमध्ये माझं पुस्तक होतं. मी इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. पहिल्या वर्षाला मंडणगडाकडून, केळशीकडून मराठी शाळांतून आलेली मुलं-मुली असतात. त्यांना घर्षण कळतं, उष्णता कळते, वीज कळते, अडतं ते इंग्रजीपाशी. त्यांच्यासाठी मी सुट्ट्यांमधून मराठीत पुस्तक लिहीत होते. होडी किनाऱ्यावर ओढताना खाली ओंडके का घालतात, अढीतले आंबे मधोमध जास्त गरम का असतात, अशा गोष्टींतून एकेक धडा. अर्ध्याहून जास्त झालं होतं. दुसरीकडे कुठे ठेवायला हवं होतं, हे सगळ्यांनी मला नंतर सांगितलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं.

काही धडे मात्र वाचले, कारण ते मी माझ्या मैत्रिणीला वाचायला पाठवले होते.

ही मैत्रीण म्हणजे शाळेत पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेली. आमची घरंही एकाच आळीत. मी फिजिक्सकडे गेले, ती इलेक्ट्रॉनिक्सकडे. ती पुण्याला एका कारखान्यात सर्किट बोर्डांची डिझाइन्स करायची. वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून परत आली आणि घरूनच कामं घेऊ लागली. तिचं लग्न झालं नाही, माझं होऊन मोडलं. त्यामुळे संध्याकाळी एकमेकींकडे जाणं दोघींनाही सोयीचं होतं. मी पाठवलेला धडा ती छापून वाचायची आणि पेन्सिलीने कडेला लिहायची, "हे मला कळलं नाही, म्हणजे पोरांना कळणार नाही."

दुकानातून मी थेट तिच्याकडे गेले. तिच्या आईने चहा ठेवला. मी रडत होते.

"रडू नको गो," मैत्रीण म्हणाली. "तो लॅपटॉप तुझा नव्हताच. जे आपल्याला उघडता येत नाही ते आपलं नसतं."

मग तिने तिच्या संगणकावर मला एक गोष्ट दाखवली. परदेशात काही मंडळी एक लॅपटॉप बनवत होती, ज्याचं काहीच लपवलेलं नव्हतं. बोर्डाची रेखाटनं, पेटीची मापं, कळफलकाचा नकाशा, सगळं कुणालाही उतरवून घेता येत होतं. सुटे भाग मागवायचे आणि आपणच जोडायचे. बिघडलं तर काय बिघडलं ते रेखाटनात बोट ठेवून शोधायचं. आत तुमचं जे आहे ते एका छोट्या पट्टीवर, ती स्क्रू काढून बाहेर घेता येते.

"दोन मागवू," ती म्हणाली. "एक तुला, एक मला."

भाग येईपर्यंत दिवाळी झाली. आम्ही नाचणे गावातल्या माझ्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि खोकी उघडली. आपला लॅपटॉप आपण जोडायचा यात काय गंमत असेल, असं मला आधी वाटलं होतं. पण पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर वर्गात वीज शिकवली, पण ती कुठून आत शिरते, कुठे वळते, कुठे थांबते हे एखाद्या वापरातल्या वस्तूत मी कधी असं बोटाने दाखवू शकले नव्हते. मैत्रीण सांगत होती, मी स्क्रू आवळत होते. फार घट्ट नाही, बेताने. "लिंबू पिळल्यासारखं नको गो," ती ओरडायची.

तो लॅपटॉप देखणा नव्हता, हे सांगायला हवं. जाडजूड, पाटावरवंट्यासारखा जड. कॉलेजात नेला तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, बाई, हा कुठल्या सालातला? त्याच्यात टॉर्चमध्ये घालतात तसे गोल सेल होते, आणि ते दुपारपर्यंतच पुरायचे. झाकण मिटलं की तो झोपी जायचा नाही, पिशवीत जागाच राहायचा आणि घरी येईपर्यंत पिशवी गरम. कॅमेरा नव्हता. विद्यापीठाच्या साइटवर मार्क भरायला गेले की ती साइट ह्या यंत्राला ओळखच द्यायची नाही, मग मी गुपचूप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जायची. पन्नास पानांची फाइल उघडायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात पोहे भिजवून होत.

पण मला तो आवडायचा. का आवडायचा हे लोकांना सांगताना मी अडखळायचे. आपल्या घरात कुठल्या नळाचा कॉक कुठे आहे हे ठाऊक असलं की जसं निवांत वाटतं, तसं काहीसं. पहिल्या पावसाळ्यात तो बंद पडला तेव्हा आम्ही मागची झाकणी काढली, जोडणीच्या पितळी पात्यांवर हिरवट बुरा धरलेला दिसला, तो स्पिरिटने पुसला आणि लॅपटॉप चालू झाला. मी त्या बुऱ्याकडे जवळजवळ प्रेमाने पाहिलं. शत्रू दिसला होता.

त्यानंतर आम्ही त्याला आपला करायला घेतला. कळफलक माझ्याकडे आला. मराठी लिहिण्याच्या नेहमीच्या मांडणीत ळ साठी बोट वाकडं करावं लागतं. आमच्याकडे ळ वाचून वाक्य पुढे सरकत नाही. कातळ, नारळ, कोळंबी, सकाळ, काळजी. मी ळ उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली आणला. 'वाऱ्यावर' मधला तो अर्धा र, जो शोधता शोधता माणूस 'वार्यावर' असं लिहून मोकळा होतो, त्याला एक स्वतंत्र कळ दिली. माझ्या वर्गातल्या मुलींना बसवून कुणाचं बोट कुठे अडतं ते पाहिलं आणि कितीदा बदललं. एक चूक मात्र राहिली. विसर्ग मी दोन ठिकाणी ठेवला होता. जुन्या जागेवरून काढायचा राहिला. ती हसली आणि म्हणाली, "राहू दे, आपली खूण."

तिच्याकडे विजेचं काम आलं. इथे दाब वरखाली होतो, ऑक्टोबरात गडगडाट झाला की आळीतले चार चार्जर जातात, आणि समुद्राकडची खारी हवा धातू खाते. तिने चार्जिंगचा एक नवा छोटा बोर्ड काढला, जो हे सगळं सोसेल. पहिला जळला. दुसरा चालला पण तापायचा. तिसऱ्याला आम्ही तिच्या आईच्या मोरीत, बंबाच्या वाफेत, दिवसभर टांगून ठेवलं. काकू म्हणाल्या, "मेलं, अंघोळीलाही जागा नाही घरात." तो टिकला.

हे सगळं आम्ही इंटरनेटवर एका पानावर ठेवलं. त्या पानावर मी मराठीत लिहिलं होतं: हे कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, मात्र बदललेलं पुन्हा सगळ्यांसाठी उघडं ठेवावं. त्या पानाची चावी तिच्याकडे होती. माझ्याकडे असण्याची गरज आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

सावर्ड्याच्या एका शाळेतले गणिताचे सर माझ्या ओळखीचे होते. निवृत्तीला आलेले, पण नवीन काही पाहिलं की डोळे चमकणारे. त्यांनी आमचं यंत्र पाहिलं आणि त्यांच्या शाळेसाठी अशी काही हवीत म्हणाले. गावातल्या लोकांनी हातभार लावला आणि आम्ही शाळेतच, नववीच्या वर्गात, मुलांकडून ती जोडून घेतली. मैत्रीण बोर्ड दाखवत होती, मी समजावत होते. पालकांमधल्या एकाने विचारलं, "बिघडलं तर कोण बघणार?" मी उभी राहिले आणि म्हटलं, "बिघडलं तर तुमचीच पोरं बघतील. आणि आम्ही आहोतच." आम्ही, असं मी म्हटलं. ती माझ्या शेजारी उभी होती.

त्यानंतरच्या वर्षी तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. मी खूश झाले, खरंच झाले. घरून कामं घेऊन ती थकली होती, पाठ दुखायची, आणि एवढ्या हुशार बाईने किती दिवस एका खोलीत वाकून बसायचं? काकूंकडे बघायला मी होते. जाताना ती म्हणाली, "ओलीसाठी बोर्डात अजून सुधारणा केलीय, दोन रेखाटनं तयार आहेत. पुण्याला जाऊन पानावर चढवते." मी म्हटलं, निवांत चढव.

पहिले काही महिने रोज फोन. मग आठवड्याने. मी विचारायचे, रेखाटनं चढवलीस का? "हो गो, करते. इथे श्वास घ्यायला वेळ नाही." मी पुन्हा पुन्हा विचारणं बंद केलं. मैत्रिणीला तगादा लावल्यासारखं वाटायचं. एक दिवस वर्गात मुलींना दाखवावं म्हणून मी आमचं पान उघडलं, तर तिथे एकच ओळ होती. प्रकल्प बंद आहे. मी फोन केला. ती म्हणाली, जागा बदलायची आहे, नंतर सगळं नीट मांडू. माझा विश्वास बसला. न बसण्याचं कारणच नव्हतं.

मग सावर्ड्याच्या सरांचा फोन आला. शाळेला एक कंपनी नवे लॅपटॉप देणार होती, छोटासा कार्यक्रम होता, तुम्ही यायलाच हवं. "तुमच्या मैत्रीणबाईच येताहेत पुण्याहून कंपनीतर्फे," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक असेलच." मी हो म्हटलं. ठाऊक नव्हतं.

सभागृहात टेबलांवर नवे लॅपटॉप मांडले होते. पातळ, हलके, राखाडी. अजून कुणी आलं नव्हतं. मी एकासमोर बसले आणि सहज लिहायला लागले. काय लिहावं सुचेना म्हणून 'कोळंबी' लिहिलं. ळ उमटला. मी बोटाकडे पाहिलं. ते नेहमीच्याच जागी गेलं होतं, माझ्या जागी. मग मी 'वाऱ्यावर' लिहिलं. अर्धा र त्याच्या स्वतंत्र कळीवर होता. मग मी विसर्ग दाबून पाहिला. एका ठिकाणी. मग दुसऱ्या ठिकाणी. दोन्हीकडे विसर्ग आला.

मी लॅपटॉप उलटा केला. खालची बाजू गुळगुळीत होती. एकही स्क्रू नव्हता.

ती आली तेव्हा गर्दी झाली होती. फिकट निळी साडी, केस छान कापलेले. मला पाहून तिने हात केला, पण जवळ आली नाही. तिला व्यासपीठावर नेलं. ती चांगलं बोलली. कोकणातल्या हवेत टिकणारा, मराठीतून सहज लिहिता येणारा लॅपटॉप, असं म्हणाली. "ही कल्पना मला रत्नागिरीच्या पावसात सुचली," ती म्हणाली. मला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेले सर वळून माझ्याकडे पाहून कौतुकाने हसत होते, जणू टाळ्या मलाही होत्या. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. हात आपोआप गेले.

चहाच्या टेबलापाशी मी तिला गाठलं.

"विसर्ग अजून दोन ठिकाणी आहे," मी म्हटलं.

तिने कप खाली ठेवला. "बघितलंस होय."

"मला सांगितलं असतंस तर?"

"सांगणार होते. इथे नको गो. फोनवर बोलू."

आणि तिला कुणीतरी फोटोसाठी बोलावलं.

फोन तिने केला नाही, शेवटी मीच केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण तिचा आवाज ऐकल्यावर ठरवलेलं गेलं.

"आपलं पान तू काढलंस?"

"कंपनीला नको होतं. त्यांचं म्हणणं, तेच बाहेर फुकट असेल तर आपण काय करायचं?"

"पण ते त्यांचं नव्हतंच."

"आपणच लिहिलं होतं ना, कुणीही घ्यावं? तूच लिहिलंस. तुझ्या शब्दांत."

"घ्यावं, आणि पुढे उघडं ठेवावं असं लिहिलं होतं."

"बोर्ड मी नव्याने काढलाय. जुन्यातली एकही रेघ त्यात नाही. वकिलांनी पाहिलंय सगळं."

"आणि कळफलक?"

"कळा कुठे ठेवायच्या याच्यावर कुणाची मालकी असते होय?"

हे ती बोलली तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. मालकी मी मागितलीच नव्हती. मालकी नको म्हणूनच तर हे सगळं केलं होतं. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा म्हणावं, हे आम्ही दोघींनी केलं.

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली, आता जरा कडक आवाजात. "तुझी नोकरी पक्की आहे. तू उघडं उघडं म्हणत बसू शकतेस. रात्रंदिवस त्या बोर्डावर मी वाकले होते. लोक घ्यायचे, वापरायचे, आणि बिघडलं की मलाच फोन. मी किती वर्षं सगळ्यांची फुकटची मेकॅनिक होऊन राहायचं?"

यात खोटं काहीच नव्हतं. तेच जास्त लागलं. ती थकली आहे हे मला दिसत होतं. पण माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, ती माझ्याशी हे कधीच बोलली नव्हती. बोलली ती थेट कंपनीशी.

"ती दोन रेखाटनं तरी दे," मी म्हटलं. "सावर्ड्याला आपली यंत्रं आहेत अजून."

"बघते," ती म्हणाली. फोन ठेवला.

त्या पावसाळ्यात सावर्ड्याची यंत्रं एकेक करून बंद पडायला लागली. चार्जिंगचा बोर्ड जायचा. जुन्या बोर्डात ओल शिरायची जी खोड होती, ती त्या न मिळालेल्या रेखाटनांमध्ये दुरुस्त झाली होती. सरांचा फोन आला की मी बस पकडून जायचे. सेल बदलता यायचे, पाती पुसता यायची, पण बोर्ड जळला की मी रेखाटन समोर पसरून बसायचे आणि मला त्यातलं निम्मं समजायचं नाही. मी फिजिक्सची बाई. प्रत्येक रेघ उघडी होती, कुणी काही लपवलेलं नव्हतं, आणि तरी माझ्यापुरतं ते बंदच होतं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की आम्ही कुणा कंपनीवर विसंबून नाही. खरं होतं. मी एका माणसावर विसंबून होते.

सर कधी बोलले नाहीत. पण एकदा वर्गाला कुलूप लावताना म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणालात म्हणून लोकांनी विश्वास ठेवला हो." दोष देण्याचा सूर नव्हता. बसमध्ये बसल्यावर मी सगळ्या वाटेने ते वाक्य घोळवत राहिले.

मी सोल्डरिंगचं झाळकाम शिकले. म्हणजे शिकायला लागले. परदेशातल्या त्या मूळ मंडळींच्या इंटरनेटवरच्या चावडीवर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकले. कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या जळक्या बोर्डाचे फोटो मागवून घेतले आणि कुठला भाग आधी मरतो ते बाण काढून दाखवलं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांच्यामुळे काही यंत्रं पुन्हा उठली. एक माझ्या हातून कायमचं गेलं, झाळ देताना बाजूची रेघ उखडली. बोटांना पोळलं, ते वेगळं.

पण तोवर शाळेत नवे राखाडी लॅपटॉप चालू होते. ते बिघडत नव्हते. मुलं झाकण उघडत, लिहीत, मिटत. पिशवी गरम होत नव्हती. माझ्या मांडणीतल्या ळ वर त्यांची बोटं भराभर पडत होती, आणि ती मांडणी कुणाची हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वर्ष संपताना शाळेने आमची यंत्रं मला परत दिली. सर संकोचले होते. मी म्हटलं, "अहो सर, पोरांचं काम चालतंय ना? मग झालं." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. रिक्षात त्या जड पेट्या मांडीवर घेऊन बसले तेव्हा मात्र डोळे भरले.

तिच्या आईकडे माझं जाणं चालूच होतं. ते कसं थांबवणार? काकूंनी मला शाळेपासून जेवायला वाढलेलं. त्या विचारायच्या, "तुमचं दोघींचं काय बिनसलंय गो? ती तुझं नाव काढत नाही, तू तिचं काढत नाहीस." मी म्हणायचे, कामं फार आहेत दोघींना.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ती आदल्या दिवशी येणार होती, पण कंपनीत काही अडलं, आणि काकूंनी मला फोन केला. मी रजा टाकली. त्यांना हॉस्पिटलात नेलं, परत आणलं, काळा चष्मा लावून पलंगावर बसवलं, वेळेवर थेंब घातले. मधल्या वेळात पुस्तकाचा धडा लिहावा म्हणून माझा लॅपटॉप बरोबर नेला होता.

दुपार कलताना ती आली. दारात बॅग ठेवली, आईपाशी बसली, आईचा हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू होतीस म्हणून निभावलं." मी मान हलवली. काकूंना डुलकी लागली तशी आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत आलो.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. "अजून हाच?" ती म्हणाली.

"हाच."

तिने तो जवळ ओढला. विचारलं नाही. झाकण मिटून उलटा केला, खणातून जुना स्क्रूड्रायव्हर काढला, आणि मागची झाकणी काढली. मी बघत राहिले. तिचे हात तसेच होते, हलके, न चुकणारे. एक पातं जरा वाकलं होतं ते तिने नखाने सरळ केलं. मग चार्जिंगच्या बोर्डाशी थांबली.

"ही झाळ कोणी दिली?"

"मी."

"वाईट झालीय गो."

"ठाऊक आहे. चालते."

ती थोडं हसली, मीही हसले. तेवढा एक क्षण वाटलं की आता ती बोलेल. मी वाट पाहिली. आतून काकूंच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. मग मीच विचारलं.

"ती रेखाटनं तुझ्याकडे आहेत ना अजून?"

ती बोर्डाकडेच बघत होती. "आहेत."

"मला नवं पान करायचंय. जुनं सगळं माझ्याकडे आहे, तेवढी दोन नाहीत. तुझं नाव वर घालीन. आधी तुझं, मग माझं."

"माझं नाव नको," ती पटकन म्हणाली. मग हळू आवाजात, "सही केलीय मी. त्यांनी लिहून घेतलंय, आधीचं नंतरचं सगळं त्यांचं. नाही देता येत."

"आधीचंही?"

"आधीचंही."

म्हणजे मोरीत वाफेत टांगलेला तो बोर्डही. माझ्या जेवणाच्या टेबलावरच्या सगळ्या संध्याकाळीही. तिने सही करून दिल्या होत्या, आणि ते मला आत्ता, मी विचारलं म्हणून कळत होतं.

"कधी केलीस सही?"

"नोकरीला लागले तेव्हाच."

म्हणजे "करते गो, करते" म्हणत होती तेव्हा. मी तगादा नको म्हणून गप्प बसत होते तेव्हा.

तिने झाकणी बसवली, स्क्रू एकेक करून आवळले, बेताने, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. काकू जाग्या झाल्या आणि आतून म्हणाल्या, "दोघी जेवूनच जायचं हां आज." पुण्याला गेल्यापासून त्यांच्या लेखी लेकही पाहुणीच होती.

आम्ही तिघी जेवलो. काकूंना ताट नीट दिसत नव्हतं, ती त्यांच्या हातात वाटी देत होती, मी भात कालवून देत होते. काकू आनंदात होत्या. जुन्या आळीतल्या गोष्टी काढत होत्या, आणि आम्ही दोघी योग्य जागी हसत होतो.

मी निघाले तशी ती जिन्यापर्यंत आली.

"मे महिन्यात येईन तेव्हा ती झाळ नीट करून देते," ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "माझी मी शिकतेय."

तिला त्याचं वाईट वाटलं की सुटल्यासारखं झालं, मला सांगता येणार नाही. पहिलीपासून मी तिचा चेहरा वाचत आले होते. जिन्यात पुरेसा उजेड होता, मी नीट पाहिलंही, पण मला काही कळलं नाही. ती कठड्याला हात टेकून उभी होती. मी खाली उतरले, चपला घातल्या आणि रिक्षा बघायला रस्त्यावर आले.

नवं पान मी मार्चमध्ये केलं. त्यात जुनी सगळी रेखाटनं आहेत, कळफलक आहे, आणि खाली लिहिलंय की यात ओल शिरण्याची खोड आहे, ती दूर करणारी दोन रेखाटनं आमच्याकडे नाहीत. 'आमच्याकडे' असं का लिहिलं, मला ठाऊक नाही. बदलायला हवं. अजून बदललेलं नाही.